दगडूचं घर: नाशिकच्या द्वारकेजवळच्या बिनपाटीच्या काचवाल्याकडून बनवलेली कासवाची टाकी

आधी मार्क देऊन टाकते, मग कहाणी. काचवाल्या काकांना पाचपैकी साडेचार, अर्धा कुठे कापला ते पुढे येईलच. ऑनलाईन मागवलेल्या यूव्हीबी ट्यूबला (उन्हासारखे अतिनील किरण देणारा कासवाचा दिवा) पाचपैकी पाच, कॅनिस्टर फिल्टरला चार. आणि त्या प्लास्टिकच्या नारळाच्या झाडवाल्या टबला शून्य, उणे मार्क द्यायची सोय असती तर तेही दिले असते.

तर झालं असं की तीन वर्षांपूर्वी आम्ही इंदिरानगरमध्ये फ्लॅट घेतला, वास्तुशांतीला नणंदबाई आल्या आणि येताना कासव घेऊन आल्या. जिवंत! अहो, लोक पितळेचं आणतात, ताटलीत पाणी घालून उत्तरेला ठेवतात, झालं. यांनी म्हटलं जिवंत असलं की जास्त लाभतं. कानापाशी लाल पट्टा असलेलं हिरवंगार, जुन्या रुपयापेक्षा जरा मोठं, सोबत टब, टबात बेट, बेटावर प्लास्टिकचं नारळाचं झाड आणि एक सुक्या झिंग्यांची डबी. दुकानदाराने सांगितलेलं की एवढंच लागतं, रोज चार झिंगे टाका, पाणी बदला, आणि हे टबाच्या मापाचंच राहतं, वाढत नाही. पोराने नाव ठेवलं दगडू, कारण बेटावर बसलं की दगडच.

ते टबाच्या मापाचं वगैरे साफ खोटं आहे हे आता माहितीये. लाल कानवालं म्हणजे रेड इअर्ड स्लायडर, मूळचं अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं. नर सात-आठ इंचाचा होतो, मादी दहा-बारा इंचापर्यंत जाते, आणि नीट सांभाळलं तर वीस-तीस वर्षं जगतं. म्हणजे पोरगा लग्नाला येईल तेव्हा पण हे घरात असणार. छोट्या टबात ठेवलं तर वाढ खुंटते हे खरं, पण ती कुपोषित पोराची खुंटते तशी. आम्हाला हे कळायला तीन वर्षं आणि एक आजारपण लागलं. मागच्या दिवाळीनंतर दगडूचे डोळे सुजून बंद झाले, खाणं सुटलं, आणि पाठ दाबली की पुठ्ठ्यासारखी किंचित दबायची. डॉक्टर शोधायला पण चार फोन करावे लागले, कुत्र्या-मांजराचे भरपूर आहेत, कासव म्हटलं की पलीकडून जरा शांतता.

जे डॉक्टर शेवटी मिळाले त्यांनी दोन गोष्टी विचारल्या, खायला काय घालता आणि ऊन कुठलं. म्हटलं झिंगे घालतो, आणि ऊन भरपूर आहे, गॅलरीच्या स्लायडिंगपाशी ठेवलाय, दुपारपर्यंत ऊन असतं. म्हणाले काच उघडी असते का बंद? बंद. मग ते ऊन नव्हेच म्हणाले, नुसता उजेड. उन्हातला जो यूव्हीबी भाग असतो त्यानेच कासवाच्या अंगात डी-थ्री जीवनसत्त्व बनतं, ते नसलं तर कॅल्शियम खाऊन पण अंगी लागत नाही आणि कवच मऊ पडतं, आणि खिडकीची साधी काच नेमका तोच भाग जवळपास सगळा अडवते. तीन वर्षं मी रोज सकाळी मोठ्या कौतुकाने त्याला काचेमागच्या उन्हात बसवत होते! डोळ्यांचं कारण वेगळं, नुसत्या झिंग्यांनी अ जीवनसत्त्व कमी पडलेलं. औषधं झाली, ड्रॉप्स झाले, डोळे उघडले, पण निघताना डॉक्टर म्हणाले की टब बदलला नाहीत तर परत इथेच भेटू. आणि जाता जाता, "दगडू नाही हो ही, पुढच्या पायाची नखं बघा, नर असता तर लांबलचक असती." नाव तेच ठेवलंय. आमच्याकडे आता "दगडू जेवली का" असं बोललं जातं, पाहुणे गोंधळतात.

मादी म्हटल्यावर टाकीचा हिशोबच बदलला. एक ढोबळ नियम सगळीकडे सांगतात, कवचाच्या दर इंचाला साधारण चाळीस लिटर पाणी. आमची आत्ता साडेचार इंची, म्हणजे आजच एकशे ऐंशी लिटरच्या आसपास. मी दोन-तीन अ‍ॅक्वेरियमच्या दुकानांत फिरले. एका ठिकाणी दोन फुटी रेडिमेड टाकी दाखवली, आत निळी-गुलाबी खडी, मागे समुद्राचं पोस्टर, "मॅडम आयुष्यभर बघायला नको." यूव्ही लाईट आहे का विचारलं तर निळा एलईडी लावून दाखवला, हाच यूव्ही म्हणे, रंग बघा ना. दुसऱ्या ठिकाणी यूव्हीच दिला पण तो पाण्यातले जंतू मारायचा, यूव्हीसी, तो उघडा लावला तर कासवाच्या आणि आपल्या, दोघांच्याही डोळ्यांना वाईट. घेतला नाही ते नशीब. दुकानांची नावं लिहीत नाही, सगळीकडे थोड्याफार फरकाने हेच चालतं.

काकांचा पत्ता दिला आमच्या सोसायटीच्या प्लंबरने. भद्रकालीकडून द्वारकेकडे येताना आतल्या एका गल्लीत शटर आहे, पाटीबिटी काही नाही, शटरवरच पांढऱ्या रंगाने लिहिलंय, फिश टँक बनवून मिळेल. आत चार माणसं उभी राहिली की पाचव्याने रस्त्यावर थांबायचं. मी गेले, म्हटलं कासवासाठी टाकी पाहिजे, तर पहिला प्रश्न, "कितवा मजला?" मी म्हटलं तिसरा, का हो? तर काका म्हणाले, "ताई, पाणी एक लिटर म्हणजे एक किलो. काच, वाळू, दगड, स्टँड धरून तुमच्या घरात चार माणसं चोवीस तास एकाच जागी उभी राहणार आहेत. बीम कुठून जातो ते बघून या, मग बोलू." भाव नाही, साईझ नाही, आधी बीम. मी तिथेच निम्मी पटले.

मग दुसऱ्या फेरीत मापं. चार फूट लांब, दीड रुंद, दीड उंच असं ठरलं. उंच-निमुळती पण नको आणि पसरट परात पण नको, कासवाला आडवं पोहायला पाहिजे आणि पाणी निदान त्याच्या लांबीच्या दीड-दोनपट खोल, म्हणजे उलटं पडलं तर स्वतःला सरळ करता येतं. पाणी आम्ही एक फुटावर थांबवलंय, म्हणजे साधारण एकशे सत्तर लिटर, वरचे सहा इंच रिकामे, कारण ही बाई चढून बाहेर येते. काच १० एमएम. मी म्हटलं आठने भागेल ना, स्वस्त पडेल, तर म्हणाले भागेल, पण मी दहाच देणार, आठची पाहिजे तर शेजारी विचारा. शेजारी टायरचं दुकान आहे.

खरी कारागिरी मला उतरणीत दिसली. कासवाला पाण्यातून पूर्ण बाहेर येऊन अंग खडखडीत कोरडं करायला जागा लागते, नुसतं ओलं बेट चालत नाही, सतत ओल राहिली की कवचाला बुरशी धरते. रेडिमेड वाल्या तरंगत्या फळ्या साडेचार इंचाचं वजन चढलं की बुडतात, आमची एक बुडलीच. काकांनी उजव्या बाजूला पाण्याच्या वर तीन इंच राहील अशी काचेची माडी बसवली, सव्वा फूट बाय एक फूट, आणि तिथून खाली पाण्यात उतरणारी काचेची पट्टी. आता काचेवर कासव चढणार कसं? तर त्या पट्टीवर आणि माडीवर सिलिकॉनचा पातळ हात मारून ओलं असतानाच वर बारीक चाळलेली वाळू भुरभुरवली, पुरणपोळीवर पिठी मारतात तशी, आणि वाळल्यावर झटकून टाकली. खरखरीत झालं अगदी. नखं धरतात, धुता येतं, आणि दिसायला काठावरची ओली वाळू वाटते. मी विचारलं हे कुठे शिकलात, तर म्हणाले एका घसरलेल्या कासवाकडून.

सिलिकॉन पण बिनबुरशीनाशकवालं वापरलं, खिडक्या-बाथरूमला लावतात ते नाही, त्यात औषध असतं. वाळताना व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, तो पूर्ण जाईपर्यंत टाकी त्यांनी दिलीच नाही, नंतर दोन दिवस पाणी भरून ठेवली, खाली वर्तमानपत्र पसरून. कागद ओला झाला तर लीक. हे सगळं बरोबर आहे पण हेच अर्ध्या मार्काचं दुखणं पण आहे, कारण "परवा या" हे मला सहा वेळा ऐकायला मिळालं. दहा दिवसांत देतो म्हणाले, बावीस लागले. फोन दुपारी एक ते चार उचलत नाहीत, बाकी वेळी पण मूड असेल तर. पावती मागितली तर वहीचं पान फाडून दिलं. स्टँड अँगलचा छान दणकट, पण एक पाय थोडा आखूड निघाला, लेव्हल लावल्यावर कळलं, मग काकांनी स्वतः येऊन पॅकिंग दिलं आणि वर थर्माकोल टाकून टाकी ठेवली. झाकण धरलेलंच नव्हतं, ते वेगळं, जाळीचं, नंतर दुसरीकडून करून घेतलं. टाकी ७,२०० आणि स्टँड ४,३००, छोटा हत्ती आणि दोन हमाल वेगळे. तिसऱ्या मजल्यावर चढवताना आमच्या जिन्याच्या वळणावर जे काय झालं ते बघून सासूबाई देवघरात जाऊन बसल्या. काच शाबूत आली.

आता आतलं. मला सगळं नॅचरल पाहिजे होतं, प्लास्टिकचा एक तुकडा नको, नारळाच्या झाडाचा वीट आलेला. आणि इथे मी भरपूर चुका केल्या, त्या लिहिते, म्हणजे तुमचे पैसे वाचतील.

वाळू. बिल्डिंगच्या कामावर मिळते ती आजकाल बहुतेक क्रश सँड असते, दगड फोडून केलेली, धारदार, ती कासवाच्या पोटाला खरचटते. नदीची गोल दाण्याची पाहिजे किंवा स्विमिंग पूलच्या फिल्टरला वापरतात ती. माझ्या माहेरी दिंडोरीकडे जुन्या बांधकामाची दोन घमेली नदीची वाळू पडून होती, ती आणली आणि धुतली. किती वेळा? मी अकराव्या बादलीनंतर मोजणं सोडलं. तरी टाकीत घातल्यावर पहिले दोन दिवस बिनसाखरेचा चहा. थर फक्त एक इंच ठेवलाय, जाड ठेवला की खाली सडतं. रंगीत खडी अजिबात नको, कासव समोर दिसेल ते गिळतं आणि खडा आतड्यात अडकला तर ऑपरेशन. दगड एकतर वाळूइतके बारीक नाहीतर तिच्या डोक्यापेक्षा मोठे, मधलं काही नाही. दगडांसाठी आपल्याकडे कुठे जायची गरजच नाही, शेताच्या बांधावर काळा बसाल्ट पडलाय, पाण्याला काही करत नाही. शंका आली तर दगडावर लिंबू पिळा, फसफसलं तर चुना आहे, तो ठेवू नका, पाणी जड होतं.

लाकडाचा ओंडका पण तिकडचाच, बांधावर वर्षानुवर्षं पडून सुकलेला, कडक. मोठ्या पातेल्यात मावेना म्हणून अर्धा अर्धा करून उकळला, घरात तीन दिवस काढ्याचा वास. पाण्यात टाकला तर तरंगला. दोन आठवडे वर दगड ठेवून बसले तेव्हा तळाला टेकला, त्यात दोनदा दगडूने दगड ढकलून ओंडका वर आणला आणि त्याच्यावर बसून फिरली. लाकडाने पाणी किंचित तपकिरी होतं, त्याने काही बिघडत नाही, उलट डबक्याचा छान फील येतो. नवऱ्याला मात्र अजून वाटतं की फिल्टर खराब आहे.

झाडांची गोष्ट म्हणजे शोकांतिका. आधी माझ्या डोक्यात जलपर्णी, गंगेवर (म्हणजे आपल्या गोदावरीवर) एवढी फुकट तरंगत असते, जांभळी फुलं येतात. काकांना सांगितलं तर हातच जोडले. नदीतली वनस्पती घरात आणली की तिच्याबरोबर गोगलगायी, जळवा, शहराचं सांडपाणी, सगळं येतं, आणि जलपर्णी स्वतःच आपल्या नदीच्या गळ्यात बसलेली परदेशी ब्याद आहे. मग विकतची व्हॅलिसनेरिया घेतली, आठ रोपं, संध्याकाळी लावली, सकाळी दोन. दुपारी शून्य. तिला वाटलं आम्ही कोशिंबीर वाढली. टिकलं काय, तर अ‍ॅन्युबियस, जाड कडक पानाचं, ओंडक्याला दोऱ्याने बांधलेलं, आणि जावा फर्न. दोन्ही तिला चवीला आवडत नसावीत. आणि सगळ्यात भारी निघाला आपला घरचा मनीप्लँट. मागच्या काचेवर अडकवलाय, मुळं पाण्यात, पानं तिच्या तोंडाला लागणार नाहीत अशी वर, कारण पानांनी तोंडाची आग होते. मुळं पाण्यातला नायट्रेट ओढून घेतात, वेल भिंतीवर गेलाय नुसता.

फिल्टर. कासव माशाच्या कितीतरी पट घाण करतं, म्हणून खोक्यावर लिहिलेल्या टाकीपेक्षा दुप्पट-तिप्पट क्षमतेचा घ्यावा लागतो. आम्ही ताशी १,२०० लिटरवाला कॅनिस्टर घेतला, बाहेर स्टँडच्या खाली बसतो. आवाज जवळजवळ नाही, म्हणून चार मार्क, एक कापला तो पाईपच्या जोडण्या घट्ट बसायला फार ताकद लागते म्हणून. पण फिल्टर लावला आणि पाणी स्वच्छ झालं असं होत नाही हो. विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया होतो, एक प्रकारचे बॅक्टेरिया त्याचा नायट्राइट करतात, दुसरे नायट्रेट, आणि हे बॅक्टेरिया स्पंजात आणि सिरॅमिकच्या रिंगांत वस्ती करायला महिना-दीड महिना घेतात. मी पहिल्या आठवड्यात काय केलं, तर पाणी गढूळ दिसलं म्हणून सगळं उपसलं आणि स्पंज नळाखाली साबण न लावता का होईना पण खसाखसा धुतला. नळाच्या पाण्यातल्या क्लोरिनने होती नव्हती ती वस्ती गेली. परत शून्यापासून. आता दर रविवारी फक्त पाव टाकी पाणी बदलते, स्पंज त्याच काढलेल्या पाण्यात पिळते, आणि नवीन पाणी आदल्या दिवशीच उघड्या ड्रममध्ये भरून ठेवते. आपल्या गंगापूर धरणाच्या पाण्यातला क्लोरिन उडायला एक दिवस पुरतो, घाई असेल तर डीक्लोरिनेटरचे थेंब मिळतात. काढलेलं पाणी गॅलरीतल्या कुंड्यांना जातं. मोगऱ्याला जानेवारीत कळ्या आल्या, सासूबाईंनी याचं श्रेय वास्तूला दिलंय.

आता ट्यूब, जिला मी पाच मार्क दिले. टी-फाईव्ह म्हणजे बारीक जाडीची, सरपटणाऱ्या प्राण्यांसाठीची, खोक्यावर यूव्हीबीच्या जोराचा आकडा १०.० लिहिलेला असतो. माडीच्या वर साधारण एक फुटावर लावलीये, मध्ये काच नाही, प्लास्टिक नाही, झाकणाची जाळी पण तेवढी कापून घेतली कारण जाळीनेही बरंच कमी होतं. त्याच्या शेजारी उष्णतेला साधा ५० वॅटचा हॅलोजन, महागडा बास्किंग लॅम्प घ्यायची गरज नाही, माडीवर तापमान ३२ ते ३५ आलं म्हणजे झालं, दिव्याचं अंतर कमी-जास्त करून डिजिटल थर्मामीटरने बघितलं. दोन्ही टायमरवर, सकाळी सातला लागतात, संध्याकाळी सातला बंद. एक लक्षात ठेवा, ट्यूब डोळ्याला वर्षानुवर्षं पेटलेली दिसते पण यूव्हीबी वर्षभरात उतरतो, म्हणून मी तारीख मार्करने ट्यूबवरच लिहून ठेवलीये. आणि पाण्याच्या वर वीज आहे, तेव्हा इलेक्ट्रिशियन बोलवून त्या पॉइंटला आरसीसीबी (करंट गळला की वीज लगेच तोडणारा स्विच) बसवून घेतला, वायर सॉकेटच्या खाली एक झोळ देऊन मग वर नेली, म्हणजे पाणी ओघळलं तर झोळातून खाली पडतं, सॉकेटमध्ये जात नाही. इथे काटकसर करू नका.

थंडीचं सांगायचं राहिलं. निफाडची थंडी पेपरात येते पण इंदिरानगरमध्ये पण जानेवारीत पहाटे फरशीवर पाय ठेववत नाही. एका सकाळी पाणी १७ डिग्री, दगडू तळाशी, खरोखरचा दगड. २०० वॅटचा हीटर टाकला, २५-२६ ला सेट केला. काकांनी आधीच सांगितलेलं की नुसता काचेचा हीटर टाकू नका, ती धडक मारून फोडेल, म्हणून पीव्हीसी पाईपला ड्रिलने भोकं पाडून त्यात घातलाय. पाईप वाळूच्या रंगाचा रंगवायचा नाही हं, रंग पाण्यात उतरतो. पांढरा तर पांढरा. माझ्या नॅचरलच्या हट्टात तेवढं एक गालबोट.

खाणं आता असं आहे, गोळ्या टेट्राच्या रेप्टोमिनच्या, तिच्या डोक्याच्या मापाएवढ्याच, एक दिवसाआड. बाकी मेथी, शेवग्याचा पाला, कधी गाजराचा कीस. पालक नको, त्यातला ऑक्झलेट कॅल्शियम अडवतो. समुद्रफेसाचा एक तुकडा कायम तरंगत असतो, वाटलं की कुरतडते. पाण्यातच वाढायचं, बाहेर घातलं तर गिळताच येत नाही तिला. आणि सुके झिंगे आता सणासुदीला एखादा, बासुंदीसारखे. मेथी घालायचं काम सासूबाईंनी स्वतःकडे घेतलंय, ती पाण्यातून मान काढून त्यांच्याकडे बघते आणि सासूबाईंना वाटतं कूर्मावताराने दर्शन दिलं. हात मात्र साबणाने धुवायला लावते सगळ्यांना, कासवाच्या अंगावर साल्मोनेला असू शकतो, अमेरिकेत तर त्यापायी १९७५ पासून चार इंचाखालची कासवं विकायलाच बंदी आहे. आणि आपल्याकडे तीच रुपयाएवढी पिल्लं भेट म्हणून देतात.

हे सगळं ऐकून वरच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या एवढा खर्च, त्यापेक्षा गंगेत सोडून द्या, पुण्य लागेल. असं म्हणणारे खूप भेटतात म्हणून लिहिते. ही जात जगातल्या सगळ्यात उपद्रवी शंभर परदेशी जातींच्या यादीत आहे, नदीत गेली की आपल्या मूळच्या कासवांची जागा आणि खाणं खाते. रामकुंडावर सोडलेलं तिथेच राहत नाही, ते पाणी पुढे नांदूर मधमेश्वरला जातं, जिथे आपण पक्षी बघायला गाडी काढून जातो. आणि उलटं पण नको, नदीत दिसलेलं आपलं देशी कासव उचलून घरी आणणं हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे, ते दिसलं तर वनखात्याला कळवा. काकांकडे मी असतानाच एकजण पिशवीत नदीचं कासव घेऊन टाकी विचारायला आला होता, काकांनी त्याला माप पण घेऊ दिलं नाही.

पहिले पाच दिवस दगडू माडीवर चढलीच नाही. मी ऑफिसातून नवऱ्याला फोन करून विचारायची, चढली का. सहाव्या दिवशी, शनिवार होता, मी भाजी निवडत बसलेले आणि आवाज आला, वाळूवर नखं खरवडल्याचा. वर आली, दिव्याखाली गेली, मागचे दोन्ही पाय लांब ताणले, बोटं फाकवली, मान पुढे टाकली आणि डोळे मिटले. तीन वर्षांत तिला असं पसरलेलं आम्ही बघितलंच नव्हतं, टबातल्या बेटावर ती कायम पाय आत ओढून बसायची आणि आम्ही त्यालाच स्वभाव समजून नाव ठेवलेलं. आता साडेतीन महिने झाले, मागच्या आठवड्यात डॉक्टरांनी पाठ दाबून बघितली, कडक आहे म्हणाले.

काकांना फोटो दाखवायला गेले होते परवा. फोटो दोन सेकंद बघितला, कोपऱ्यातलं सिलिकॉन झूम करून बघितलं, मग वही काढली आणि लिहिलं, इंदिरानगर, कासव मादी, पुढची टाकी सहा फुटी. म्हटलं काका एवढ्यात नको हो. तर म्हणाले, "आत्ता कोण देतंय? चार-पाच वर्षं आहेत. पण तोवर सोफा हलवायची तयारी ठेवा." जाणार असाल तर सकाळी अकरानंतर जा, गाडी द्वारकेलाच लावा, गल्लीत वळत नाही, आणि आपल्या घरातला बीम कुठून जातो ते आधी बघून जा.